दुपारी बांधलेलं घर

१

सुट्टीसाठी घर निवडायचं तर माणसं काय बघतात? खिडकीतून काय दिसतं, गाद्या मऊ आहेत का, न्हाणीघरात गरम पाणी येतं का. मी भिंती बघतो. चौतीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यातली वीस मिस्त्री म्हणून, आणि खिशात ओळंबा नसला की मला अजूनही सदरा घालायचा राहिल्यासारखं वाटतं. ओळंबा म्हणजे दुसरं काय, दोरीला लोंबणारं पितळी वजन. दोरी भिंतीच्या वरच्या टोकाला धरायची, वजन खाली सोडायचं, की भिंत सरळ आहे का कललेली ते तिथल्या तिथं कळतं. लेक मला चिडवते, म्हणते, बाबा, तुम्ही पहिल्यांदा आईच्या घरी गेलात तेव्हा तिथलीही भिंत तपासली असणार. तपासली होती. दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर होती, पण तेव्हा मी गप्प बसलो.

बायको वाचनालयात कामाला होती. आठ महिन्यांपूर्वी शिडीवर चढून वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना तिला जमीन एका बाजूला सरकल्यासारखी वाटली. ती पडली नाही, पण त्या दिवसापासून जमीन काही जागेवर आली नाही. उभी राहिली की चक्कर. कानाचे डॉक्टर झाले, डोक्याचे झाले, डोळ्यांचे झाले, सगळे कागद स्वच्छ. तिच्या एका हातात काठी आली आणि दुसरा हात कायम भिंतीला. शेवटच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दहा दिवस कुठंतरी शांत जागी घेऊन जा, त्यानंही फरक पडला नाही तर बसून जगायची सवय करावी लागेल. मी हे तिला सांगितलं नाही. तिनं ते दाराआडून ऐकलं होतं, हे तिनं मला सांगितलं नाही. चार दिवस आम्ही एकमेकांशी फार गोड वागत होतो, तेव्हाच काय ते दोघांच्याही लक्षात आलं.

२

घरं दाखवणाऱ्या बाईच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. एका दिवसात तीन घरं दाखवते म्हणाली आणि गाडीत बसल्यापासून तिन्हींची तारीफ सुरू केली. पहिलं घर चढावर होतं. भिंतीवर टिचकी मारली तर गिलावा पोकळ वाजला, आणि ओळंबा सोडला तर भिंत चांगली अंगठाभर बाहेर. बायको पायरीवरच डोळे मिटून बसली. दुसऱ्या घराला रंग नवा होता, त्याखाली सगळी डागडुजी. तिथं तर ती गाडीतून उतरलीच नाही. मी वैतागलो होतो. त्या बाईला म्हणालो, अहो, आम्हाला आजारी माणूस बरं करायचंय, घरं नाही.

तिसऱ्या घराशी पोचेपर्यंत साडेतीन वाजले होते. रस्त्यापासून थोडं खाली, समोर तळं, तळ्यापलीकडे डोंगरांची रांग. बसकं दगडी घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं लाकडी खांबांची पडवी. आत शिरल्यावर मी सवयीनं कोपऱ्यात ओळंबा सोडला आणि बघतच राहिलो. दोरी आणि दगड यांच्यात वरपासून खालपर्यंत केसाचाही फरक नव्हता. दुसरा कोपरा तसाच. तिसरा, चौथा, तसाच. असं काम मी माझ्या हातानं कधी केलं नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं पाहिलंही नाही. ज्यानं कुणी हे बांधलं त्याचे पाय धरावेत असं वाटलं.

मी मागं वळलो तर बायको खोलीच्या मधोमध उभी होती. माझा हात तिनं केव्हा सोडला मला कळलंच नाही. काठी काखेत मारून ती खिडकीचा पडदा दोन्ही हातांनी सारत होती. आठ महिन्यांनी तिचे दोन्ही हात मी एकदम कामात पाहिले. मी घाईनं तोंड वळवून त्या बाईला घराच्या छपराबद्दल काहीतरी विचारलं. बाईनं उत्तर दिलं असेल, मी ऐकलं नाही.

दाराशी एक लाकडी स्टँड होता, छत्र्यांचा असतो तसा. त्यात दहा-अकरा काठ्या उभ्या होत्या, दोन कुबड्याही होत्या. बाई हसून म्हणाली, पाहुणे विसरून जातात. एवढं बरं वाटतं हो इथं.

हेच घर घ्यायचं ठरलं. भिंत सरळ आणि बायको उभी, मला आणखी काय हवं होतं?

३

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पोचलो, दमलो होतो, झोपलो. सकाळी उठून मी चहा केला आणि कप टेबलावर ठेवला. कप सरकला. फार नाही, वीतभर, रस्त्याच्या बाजूला, आणि टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पट्टीला लागून थांबला. तेव्हा लक्षात आलं की टेबलाला पट्टी आहे. फळ्यांनाही होती, पुढं आणि मागं, दोन्हीकडं. पलंगाचे पाय फरशीत रोवलेले होते. घर निवडताना हे काहीच माझ्या डोळ्यांत भरलं नव्हतं, मी कोपऱ्यांवर लट्टू झालो होतो ना.

तळ्याकडच्या भिंतीला ओळंबा लावला. वर दोरी दगडाला टेकलेली, खाली वजन भिंतीपासून बोटभर लांब. अख्खं घर रस्त्याकडं मागं रेललेलं. मी चष्मा पुसला, दोरीची गाठ तपासली, पुन्हा सोडला. बोटभर.

खरं सांगतो, आधी लाज वाटली. चौतीस वर्षं भिंती उभ्या केल्या, आणि चार कोपरे पाहून बोटभर कललेलं घर पसंत करून आलो. आतल्या खोलीत बायको पलंगाची कड गच्च धरून बसली होती. तिला उठवेना. मला म्हणाली, घरी होतं त्यापेक्षा जास्त फिरतंय. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पाया खचला असेल म्हणून मी घराला फेरी मारली. पण पाया खचतो तेव्हा एका कोपऱ्यातून खचतो आणि भिंती ओरडून सांगतात, तिरक्या भेगा पडतात. इथं एक भेग नव्हती. कोपऱ्यात गुण्या लावला, तर काटकोन पक्का. मग मी कुंपणाची भिंत मोजली, ती घरापासून वीस पावलं दूर. तीही बोटभर, त्याच दिशेला. कपडे धुवायचा दगड चौथऱ्यावर बसवला होता, त्यावर पाणी ओतलं तर रस्त्याकडं वाहिलं. दगडालासुद्धा तोच कल. एवढी सगळी जमीन एकसारखी खचत नाही. मी उगाचच ओळंबा कानाशी नेऊन हलवून पाहिला, बंद पडलेलं घड्याळ हलवतात तसा, आणि मग माझं मलाच हसू आलं.

४

त्या दुपारी मी पडवीत पेपर घेऊन बसलो होतो. छपरातून टुक, टुक असे आवाज यायला लागले. लाकूड तापलं की वाजतं, ते मला माहीत आहे. पण तापलेलं लाकूड कुठूनही वाजतं. हे आवाज रस्त्याकडच्या कडेपासून सुरू झाले आणि ओळीनं एकेका वाशावरून तळ्याकडं गेले. मग थांबले. तळ्याच्या काठाला सकाळपासून पाणी चुबुकचुबुक लागत होतं, तेही थांबलं. आपण रोज ऐकतो आणि ऐकतोय हे विसरतो असं जे काही असतं, ते सगळंच गेलं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली, "मी भांडी घासतेय."

मी आत गेलो. ती ओट्याशी उभी होती, काठीशिवाय, कोपरापर्यंत साबणात. मी तिच्याकडं पाहिलं, मग खिशातून ओळंबा काढून तिच्या बाजूच्या, सकाळी मोजलेल्या त्याच भिंतीला लावला. दोरी दगडाला चिकटली. केसाचा फरक नाही.

भिंत हलली नव्हती. सकाळी मी खाली फरशीवर पेन्सिलनं खूण केली होती, त्या खुणेवरून हललं होतं ते वजन.

तास-पाऊण तासानं वासे पुन्हा वाजले, या वेळी तळ्याकडून रस्त्याकडं. बायकोनं ओट्याची कड धरली. मी खुर्ची पुढं केली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंकडं गेलो. वर रस्त्याला लागून त्यांचं घर. वय ऐंशीच्या पुढं, हातात लोकरीचं विणकाम. मी आधी इकडचं तिकडचं बोललो, मग हळूच म्हणालो की सकाळी घर जरा बाहेर वाटतं.

त्यांनी सुई थांबवली नाही. "सकाळी कशाला मोजता, मिस्त्री?" म्हणाल्या. "सकाळचं नाहीच ते. माझ्या सासऱ्यांनी दुपारीच बांधलं सगळं. रोज तेवढा तासभर काम. अकरा वर्षं लागली."

मी विचारलं, दुपारी काय असतं? त्यांनी टाके मोजले, एक उसवला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या की यंदा लवकर आलंय, आणि चहा घेणार का असं विचारलं. मी नको म्हणालो. मी भ्यालो होतो, पण खोटं कशाला बोलू, त्याबरोबर आणखीही काही होतं. अकरा वर्षं एक माणूस रोज एका तासापुरता ओळंबा लावत होता. तो चुकला नव्हता. त्याच्यासारखा अचूक गवंडी पुन्हा होणार नाही. तो फक्त वेगळ्या कशाच्या तरी ओढीत भिंत उभारत होता.

६

मग मी ओळंबा छताच्या हुकाला टांगूनच ठेवला. सकाळी खूण, दुपारी खूण. तिसऱ्या दिवशी दुपारी वजन भिंतींच्या रेषेच्याही पुढं गेलं, अर्धं बोट, तळ्याकडं. चौथ्या दिवशी दोन बोटं. पाचव्या दिवशी अख्खी वीत. दोरी खोलीत तिरकी उभी होती आणि तिला कुणी धरलेलं नव्हतं.

माझं शिक्षण बेताचं. पण ओळंबा सरळ खाली का जातो एवढं मला ठाऊक आहे. खाली पृथ्वी आहे, आणि ती मोठी आहे, म्हणून ती ओढते. शेजारी डोंगर असला तरी ओळंबा डोंगराकडं बघत नाही, कारण पृथ्वीपुढं डोंगर म्हणजे किरकोळ. मग तळ्यापलीकडं रोज साडेतीनला जे येत होतं, ते पृथ्वीच्या हातातलं वजन वीतभर आपल्याकडं घेत होतं. ते केवढं असेल, याचा मी पलंगावर पडून हिशेब करायला लागलो आणि मग सोडून दिला. माझ्यासारख्याच्या डोक्यात मावणारी ती गोष्ट नव्हती. तरीही मी दुसऱ्या दिवशीच्या साडेतीनची वाट बघत होतो.

बायको मात्र फुलत होती. सकाळभर पलंगावर, हिरवीपिवळी, आणि दुपारी तीननंतर तिच्या तोंडावर रंग चढायला लागायचा. चौथ्या दिवशी ती पडवीत फिरली. पाचव्या दिवशी अंगण ओलांडून कुंपणापर्यंत गेली, येताना गुणगुणत होती. आल्यावर तिनं आपली काठी दाराशी त्या स्टँडमध्ये ठेवून दिली. मला ते बघवलं नाही. पण काढून घे असंही म्हणवेना. या आठ महिन्यांत तिचं गुणगुणणं मी विसरलो होतो.

इकडून आपण निघू या, असं मी एकदा बोलून पाहिलं. तिनं विचारलं, कुठं, पलंगावर?

७

सहाव्या दिवशी आम्ही दोघं पडवीच्या पायरीवर बसलो होतो. वासे वाजले नाहीत, एकदाच लांबलचक कण्हले. आवाज गेले. दाढांच्या मुळाशी काहीतरी गुणगुणायला लागलं. मग तळ्याचं पाणी आमच्या काठावरून निघालं.

लाट नाही, खळखळ नाही. पाणी नुसतं पलीकडं झुकलं. आमच्या बाजूचा तळ उघडा पडत गेला, गोल दगड, शेवाळ, एक बुडालेली होडी. आणि पलीकडं ते पाणी डोंगराच्या अंगाला टेकून वर चढत राहिलं, वर, आणखी वर, तकतकीत, आणि सांडलं नाही. पाखरांचा एक थवा त्या बाजूला उडाला आणि मला तो उतारावरून घसरल्यासारखा दिसला. पायरीवरून माझंही अंग पुढं जायला लागलं. मी पडवीच्या खांबाला मिठी मारली.

बायको उठली. अंगणातून चालत गेली, काठ उतरली, उघड्या तळावर पाऊल ठेवलं. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला एक गोष्ट दिसली. घर तिरकं होतं, कुंपण तिरकं होतं, खांबाला लोंबकळलेला मी तर पार वाकडा. त्या सगळ्यात सरळ उभी होती ती एकटी. आठ महिने आम्ही तिला डॉक्टरांकडं नेत होतो, तिचा तोल गेला म्हणून. तिचा तोल गेलाच नव्हता. तो इथं होता.

मग मी तिच्या डोक्यावरून पलीकडं पाहिलं.

डोंगरांच्या मागं एक रेघ होती. उभी. एका बाजूला नेहमीचं आकाश, दुसऱ्या बाजूलाही आकाशाचाच रंग, पण ते आकाश नव्हतं, त्याला अंग होतं. मी पाहिली ती फक्त एक कड. ती कुठवर गेलीय ते बघायला मी मान वर केली, आणखी वर केली, डोक्यावरची टोपी मागं पडली, तरी शेवट आला नाही. आणि ती कड सरळ होती. मी जन्मभर सरळपणासाठी भांडलो, मजुरांवर ओरडलो, बांधलेल्या भिंती पाडायला लावल्या. ज्याला मी सरळ म्हणत होतो ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गालावरून खाली न येता पुढं जात होतं. मी घाबरलो होतो हे खरंच, पण त्यापेक्षा धन्य झालो होतो.

बायको थांबली, वळली. "या ना," ती म्हणाली. "सोडा तो खांब. इथं काही फिरत नाही."

मला हात सोडवेना. हातच ऐकेनात. ती दोन पावलं आणखी पुढं गेली, आणि मला वाटलं, गेली ही, माझी म्हणून जी होती ती गेली. मी ओरडलो, "परत ये."

तिनं एकदा त्या रेघेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग ती परत फिरली. पहिली चार पावलं चालत आली. पाचव्याला लटपटली. तिथून पुढं, काठ चढून, अंगणातून, ती हातापायांवर रांगत आली, आणि पायरीशी येऊन तिनं माझा घोटा धरला.

८

आज सकाळी तिला मान उचलवत नव्हती. मी बॅगा भरल्या, गाडीवाल्याला दोन वाजता बोलावलं. तिला सांगितलं की आपण घरी चाललो. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

तिला बूट घालायला मी खाली बसलो तेव्हा तिचे गुडघे दिसले. दोन्ही सोलवटलेले होते, तळ्यातली रेती अजून आत होती. ती मला काही बोललीच नव्हती. मी पाणी गरम करून आणलं, पुसत बसलो. पुसता पुसता विचारलं, "काल परत का आलीस?"

"तुम्ही हाक मारलीत," ती म्हणाली. तिला यात विचारण्यासारखं काय आहे, हेच कळलं नाही.

मी उरलेली रेती पुसून काढली, कापूस बाजूला ठेवला. मग गाडीवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. लेकीला फोन केला, पण तिला सांगायचं काय? जेवलीस का विचारलं, तब्येतीला जप म्हणालो. तिनं विचारलं, आई कशी आहे? मी म्हणालो, दुपारी छान असते. बाकीचं फोनवर जमलं नाही म्हणून हे लिहून ठेवलं, मालकीणबाई तिला पाठवतील.

तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. बायको उठून उभी राहिली आहे, केस विंचरते आहे, मला म्हणते आहे की किती लिहिताय. वासे वाजायला लागले. काल मी हाक मारली आणि ती आली. आज ती पुढं जाऊन हाक मारणार आहे, आणि मी जाणार आहे.